जुना ॲक्शन कॅमेरा फोनला वाय-फायने जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर दर पावसाळ्याच्या आधी तेच प्रश्न येतात. कुणाच्या कपाटात जुना गोप्रो सापडलेला असतो, कुणी मित्राकडून एसजेकॅम घेतलेला असतो, आणि फोन मात्र नवाकोरा. दोघांचं जमत नाही. दर वेळी तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. माझ्याकडे गोप्रोचा हीरो३ आहे, त्यामुळे बोलणं जास्त त्याच्याबद्दल. बाकीच्या कॅमेऱ्यांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

माझ्या कॅमेऱ्यात वाय-फाय आहे की नाही, हेच कसं कळणार?

गोप्रोत हीरो३पासून (२०१२) वाय-फाय आतच आलं. त्याआधीच्या हीरो२ला मागे एक वेगळा तुकडा लावावा लागायचा, वाय-फाय बॅकपॅक. तो हरवला असेल तर विषय संपला. २०१४मध्ये नुसत्या ‘हीरो’ नावाचा एक स्वस्त गोप्रो आला होता, त्यात वाय-फाय नाही. पुष्कळ जण त्याला हीरो४ समजून तासन्‌तास सेटिंग शोधत बसतात.

एसजेकॅमच्या एसजे४०००मध्ये आणखी घोळ. त्याचे दोन प्रकार निघाले, एक वाय-फायवाला आणि एक बिनवाय-फायचा, आणि दोन्ही दिसायला सख्खे भाऊ. मेनूत वाय-फाय हा शब्दच नसेल तर तुमचा दुसरा. शाओमीच्या २०१५च्या यी कॅमेऱ्यात वाय-फाय आहेच, कारण त्याला पडदाच नाही. फोन जोडल्याशिवाय त्यातलं काही दिसत नाही.

ब्लूटूथच्या यादीत कॅमेरा दिसत नाही. बिघडलाय का?

नाही. हीरो३ आणि हीरो३+मध्ये ब्लूटूथ नाहीच. हीरो४मध्ये आहे, पण तिथेही फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन जोडायचं नाही. ॲपमधून जोडायचं, ब्लूटूथ आपलं आपण बघून घेतं. हीरो४ पहिल्यांदा जोडताना कॅमेऱ्यावर एक पिन येतो, तो ॲपमध्ये टाकला की झालं.

कॅमेऱ्याला आमच्या घरच्या वाय-फायवर कसं आणायचं?

आणायचं नाही. पन्नास टक्के गोंधळ इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

घरचा राउटर इंटरनेट आणतो आणि घरभर वाटतो. जुना ॲक्शन कॅमेरा तुमच्या राउटरकडे बघतही नाही. तो स्वतःच एक छोटा राउटर होतो, स्वतःच्या नावाचं नेटवर्क सोडतो, आणि फोनने त्याच्याकडे यायचं असतं. त्या नेटवर्कला पुढे काही नाही. इंटरनेट नाही, व्हॉट्सॲप नाही. कॅमेरा आणि फोन यांच्यात बांधलेली ती एक न दिसणारी वायर समजा. वायरला आपण ‘नीट जोडली आहे का’ विचारतो, पण ‘नेट आहे का’ विचारत नाही.

हे डोक्यात बसलं की पुढची अर्धी उत्तरं तुम्हीच द्याल.

बरं, मग जोडायचं कसं? अगदी पहिल्यापासून सांगा.

हीरो३चं सांगतो. बॅटरी पूर्ण भरा, कार्ड आत घाला. कॅमेरा चालू करून पुढचं बटण दाबत पान्याच्या चिन्हापर्यंत जा, वरच्या बटणाने आत शिरा. तिथे वाय-फायच्या मेनूत फोन आणि टॅबलेटचा पर्याय निवडा. शेजारीच रिमोटचा पर्याय असतो, तो नको. पुढचा निळा दिवा मिचकायला लागेल.

आता फोन. मोबाईल डेटा बंद. लोकेशन चालू. वाय-फायच्या यादीत गोप्रोचं नाव दिसेल, त्यावर टिचकी मारा, पासवर्ड टाका. ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का?’ असं फोन विचारेल. हो म्हणा. ‘पुन्हा विचारू नका’ची चौकट असेल तर तीही भरा. मग ॲप उघडा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी वाय-फाय, मग ॲप. लोक आधी ॲप उघडतात, ते गोल फिरत बसतं, आणि शिव्या कॅमेऱ्याला बसतात.

पासवर्ड काय?

जुन्या गोप्रोचा मूळ पासवर्ड ‘गोप्रोहीरो’. इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो, तिथे फसायला होतं. ‘पासवर्ड दाखवा’चा डोळा उघडून एकदा बघून घ्या. शाओमी यीचा १ ते ९ आणि शेवटी ०, असे दहा आकडे. एसजे४०००चा १ ते ८. एसजेकॅम तर वाय-फाय चालू केलं की नाव आणि पासवर्ड दोन्ही स्वतःच्या पडद्यावर दाखवतो, फारच सज्जन.

सोनीच्या जुन्या ॲक्शन कॅमेऱ्यात बॅटरीचं झाकण उघडून आत बघा, पासवर्डची चिठ्ठी तिथे चिकटवलेली असते.

मूळ पासवर्ड लागत नाही, आणि बदललेला आठवत नाही.

हीरो४मध्ये सेटअपच्या मेनूत वाय-फायची सेटिंग मूळपदाला नेण्याची सोय आहे. हीरो३ला सरळ मार्ग म्हणजे कॉम्प्युटरवरून फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, पुन्हा भरणं. कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलची फाइल घ्यायची, कार्डावर टाकायची, कार्ड कॅमेऱ्यात घालून तो चालू करायचा. बॅटरी भरलेली हवी आणि काम पूर्ण होईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. अपडेट अर्ध्यावर असताना बॅटरी काढली तर मग दुरुस्तीवाल्याकडेच.

नवा पासवर्ड ठेवलात की तो कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या डब्यात टाका. मी चिकटपट्टीवर लिहून डब्याच्या झाकणाला आतून लावलाय. आई पापडाच्या डब्यावर तारीख लावायची, तसा.

मूळ पासवर्ड बदलायलाच हवा का? चोरणार कोण?

चोरायचं सोडा, गंमत ऐका. रविवारी सकाळी राजमाचीच्या वाटेवर बसलो होतो, माझ्या फोनच्या यादीत चार गोप्रो दिसत होते. त्यातले तीन कुणाचे, देव जाणे. सगळ्यांचे पासवर्ड तेच असले तर मी त्यांचे फोटो बघू शकतो, ते माझे. पुसूही शकतात. नावही बदला आणि पासवर्डही.

जोडला जातो, पण दहा-पंधरा सेकंदांत आपोआप सुटतो.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि नव्वद टक्के वेळा दोष फोनच्या हुशारीचा.

आजचे फोन इंटरनेटसाठी बनलेले आहेत. वाय-फायला जोडलं की ते लगेच बाहेर हाक मारून बघतात. उत्तर आलं नाही की ‘हे नेटवर्क निकामी’ असं ठरवून गुपचूप मोबाईल डेटावर किंवा घरच्या ओळखीच्या वाय-फायवर उडी मारतात. कॅमेऱ्याच्या नेटवर्कला इंटरनेट कधीच नसणार, तेव्हा ते दर वेळी नापास. ॲप बिचारं कॅमेऱ्याला शोधतंय, आणि फोन केव्हाच दुसऱ्या घरी गेलाय.

मोबाईल डेटा बंद करा, पहिला आणि बहुतेकदा शेवटचा उपाय. त्याने भागलं नाही तर फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये ‘वाय-फाय असिस्टंट’, ‘स्मार्ट स्विच’, ‘आपोआप मोबाईल डेटावर जा’ अशा अर्थाचं काहीतरी असतं. प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलंय. ते बंद करा. आयफोनला त्याचं नाव वाय-फाय असिस्ट आणि ते मोबाईल डेटाच्या पानावर अगदी खाली लपलेलं असतं. घरी बसून करत असाल तर घरच्या वाय-फायचं आपोआप जोडणंही तेवढ्यापुरतं काढा.

व्हीपीएन चालू आहे का, तेही बघा. ऑफिसच्या कामासाठी टाकलेलं ॲप मागे चालूच राहतं. माझ्या मावसभावाच्या फोनवर दीड तास घालवल्यावर वरच्या पट्टीतलं ते किल्लीचं चिन्ह दिसलं. दीड तास आणि तीन चहा.

वाय-फाय पक्कं जोडलंय, तरी ॲप म्हणतं कॅमेरा सापडत नाही.

मग परवानग्या. अँड्रॉइड ६पासून आजूबाजूची वाय-फाय नेटवर्कं शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते. नुसती परवानगी देऊन चालत नाही, वरच्या पट्टीतून लोकेशन चालूही असावं लागतं. तुम्ही कुठे आहात हे कॅमेऱ्याला कळायचं नसतं. जवळच्या वाय-फायच्या नावांवरून माणसाचा ठावठिकाणा काढता येतो, म्हणून गूगलने ही दोन्ही एकाच कुलपात ठेवली. नव्या अँड्रॉइडवर ‘जवळपासची डिव्हाइस’ नावाची वेगळी परवानगीही आहे. तीही द्या.

अँड्रॉइड १०पासून (२०१९) आणखी एक बदल झाला. ॲपला स्वतःहून वाय-फाय चालू-बंद करता येत नाही. पूर्वी ॲप उघडलं की ते गपकन कॅमेऱ्यावर जायचं. आता जुनी ॲपं तेच करायला जातात आणि अडकतात. म्हणून मी वर म्हटलं, वाय-फाय स्वतःच्या हाताने जोडा.

आयफोनवर आयओएस १४पासून (२०२०) ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी आली. पहिल्यांदा ॲप उघडल्यावर चौकट येते, आणि आपण कसलीशी जाहिरात समजून ‘नको’ दाबतो. त्यानंतर ॲप कॅमेऱ्यापर्यंत पोचूच शकत नाही, आणि कारणही सांगत नाही. सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या पानावर जाऊन ती परवानगी चालू करा.

एवढं करूनही नाही झालं तर फोनमध्ये ते नेटवर्क ‘विसरा’ करा, कॅमेऱ्याची बॅटरी काढून घाला, फोन बंद करून चालू करा आणि पहिल्यापासून सुरुवात करा.

कुठलं ॲप घ्यायचं? माझा कॅमेरा ॲपच्या यादीतच नाही.

गोप्रोच्या ॲपचं नाव २०२१मध्ये क्विक झालं. जुनं नाव शोधत बसू नका. एसजेकॅमचं एसजेकॅम झोन. ॲपं पुढे सरकत जातात आणि जुने कॅमेरे यादीतून गळतात, हा या धंद्याचा नियमच आहे. ॲपची जुनी आवृत्ती म्हणून कुठल्याही साइटवरून मिळेल ती फाइल फोनमध्ये टाकू नका. त्याच फोनवर तुमची बँक आहे.

आणि ॲपशिवायही एक वाट आहे. ती पुढच्या उत्तरात.

ॲपशिवाय फोटो बघता येतात?

येतात, आणि मला तर हेच जास्त आवडतं.

जुना गोप्रो वाय-फाय चालू केल्यावर आत एक छोटासा वेब सर्व्हर चालवतो. फोन कॅमेऱ्याच्या वाय-फायला जोडा आणि ब्राउझरच्या पट्टीत पत्ता टाका: १०.५.५.९, मग विसर्गासारखे दोन टिंब, मग ८०८०. आकडे अर्थातच इंग्रजी. त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘व्हिडिओज’ हा शब्द लहान इंग्रजी अक्षरांत, पुन्हा तिरकी रेघ, मग डीसीआयएम मोठ्या अक्षरांत. साधी पांढरी यादी उघडेल, ‘१००गोप्रो’ नावाचा फोल्डर दिसेल. आत तुमच्या सगळ्या फाइली. हवी ती दाबून धरा, डाउनलोड करा. ना लॉगिन, ना ‘आमची सभासद योजना बघा’.

शाओमी यीला हाच खेळ १९२.१६८.४२.१ वर, आणि एसजे४०००ला १९२.१६८.१.२५४ वर. लॅपटॉप कॅमेऱ्याच्या वाय-फायला जोडला तर तिथेही चालतं.

यादीत एमपी४च्या शेजारी त्याच नावाच्या एलआरव्ही आणि टीएचएम फाइली दिसतील. व्हायरस नाही तो. एलआरव्ही म्हणजे त्याच व्हिडिओची हलकी प्रत, फोनवर पटकन दाखवण्यासाठी कॅमेऱ्याने केलेली. टीएचएम म्हणजे छोटं चित्र. नुसतं ग्रुपवर टाकायचं असेल तर एलआरव्ही उतरवून घ्या आणि फाइलच्या नावाचं शेपूट बदलून एमपी४ करा. व्हॉट्सॲपवर कुणाला फरक कळत नाही.

एकच व्हिडिओ काढला होता, तुकडे चार कसे?

कार्डाच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे फॅट३२मध्ये, एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून कॅमेरा स्वतःच तुकडे पाडतो. पहिला जीओपीआर००१२, मग जीपी०१००१२, जीपी०२००१२ असे. शेवटचे चार आकडे सारखे म्हणजे एकाच कुटुंबातले. नावाप्रमाणे लावले की क्रम विस्कटतो, शेवटचे आकडे बघून लावा.

व्हिडिओ फोनवर यायला इतका वेळ का लागतो?

कारण जुन्या कॅमेऱ्याचं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झचं आहे, आणि त्या पट्ट्यात शेजाऱ्याचा राउटर, ब्लूटूथ, सगळेच गर्दी करून असतात. गोप्रोत ५ गिगाहर्ट्झ आलं ते हीरो६मध्ये, २०१७ला. माझ्या कॅमेऱ्यातून सेकंदाला दोन-अडीच एमबीच्या पुढे काही सरकत नाही. ४ जीबीचा एक तुकडा म्हणजे अर्धा तास, आणि तेवढ्या वेळात बॅटरीचा मोठा घास.

माझं स्पष्ट मत: वाय-फाय हे फ्रेम बघायला (म्हणजे चित्रात काय काय येतंय ते), सेटिंग बदलायला, फार तर पाच-दहा फोटो उचलायला. व्हिडिओ आणायचे तर कार्ड बाहेर काढा. थेट फोनच्या चार्जिंगच्या खाचेत लागणारा ओटीजी कार्ड रीडर काही शे रुपयांत मिळतो, आणि अर्ध्या तासाचं काम तीन-चार मिनिटांत होतं. ट्रेकवरून उतरल्यावर एसटीची वाट बघत वाय-फायने व्हिडिओ ओढणारी माणसं पाहिली की मला त्यांच्या हातातून कॅमेरा काढून घ्यावासा वाटतो.

फोनवर दिसणारं चित्र मागे राहतं. मी हात हलवतो, ते नंतर हलतं.

तसंच असतं. कॅमेरा चित्र दाबून लहान करतो, पाठवतो, फोन ते उलगडतो. त्यात वेळ जातो. क्षण पकडायचा असेल तर फोनकडे बघून बटण दाबू नका, डोळ्याने बघून दाबा. आणि हीरो३वर रेकॉर्डिंग चालू झालं की फोनवरचं चित्र थांबतं. तिथे घाबरू नका, कॅमेऱ्याचा लाल दिवा मिचकतोय ना, मग काम चालू आहे.

कॅमेरा बंद करून ठेवला होता, तरी बॅटरी संपली.

निळा दिवा मिचकत होता का? मग बंद नव्हता. हीरो३मध्ये वाय-फाय चालू ठेवून कॅमेरा बंद केला तर वाय-फाय जागंच राहतं, म्हणजे ॲपमधून किंवा रिमोटवरून त्याला उठवता यावं. सोय चांगली, पण बॅटरी खात बसते. कॅमेऱ्याच्या बाजूचं वाय-फायचं बटण दिवा थांबेपर्यंत दाबून धरा. हीरो४ला हेच काम बाजूचं सेटिंगचं बटण दाबून धरून होतं.

हे मी हरिश्चंद्रगडावर शिकलो. रात्री पायथ्याच्या खिरेश्वरला फ्रेम वगैरे फोनवर बघून ठेवली, कॅमेरा सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकला. पहाटे कोकणकड्यावर पोचलो, ढग कड्याखाली दुलईसारखे पसरलेले, आणि कॅमेऱ्यावर रिकाम्या बॅटरीचं चिन्ह. चूक माझीच. सॅकच्या कापडातून रात्रभर निळं काहीतरी लुकलुकत होतं, ते सोबतच्या मुलाने पाहिलंही होतं. त्याला वाटलं काजवा.

पाण्याखाली ॲपने चालवता येईल? तारकर्लीला स्कूबा करणार आहोत.

नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण त्याच लहरींवर चालतो, आणि त्यात गरम होतं ते मुख्यतः अन्नातलं पाणीच. खारं पाणी तर त्याहून वाईट. कॅमेरा पाण्यात काही बोटं खाली गेला की संपर्क तुटतो.

होडीवरच फोन जोडून सेटिंग लावा, वाय-फाय बंद करा, मग कॅमेऱ्याची वॉटरप्रूफ केस बंद करा. केसच्या रबरात वाळूचा कण किंवा डोक्याचा केस अडकलेला नाही ना, हे उजेडात बोट फिरवून बघा. हीरो३ची मूळ केस ६० मीटरपर्यंतची, हीरो३+ आणि हीरो४ची ४० मीटरची. पण ते आकडे नव्या रबराचे. दहा वर्षं कपाटात पडलेल्या केसवर विश्वास ठेवण्याआधी आत टिश्यू पेपर घालून ती रिकामीच बादलीत तासभर बुडवून ठेवा.

याच कारणाने छातीवर कॅमेरा आणि फोन मागच्या खिशात असेल तरीही वाय-फाय सुटतं. मधे तुम्ही आहात, आणि तुम्हीही बरेचसे पाणीच आहात.

रिमोट आणि फोन दोन्ही एकदम चालतील?

हीरो३वर नाही. एका वेळी एकच. रिमोट उघड्यावर १८० मीटरपर्यंत पोचतो असं कंपनी सांगते. फोन त्याच्या आसपासही जात नाही. बाईकवर हेल्मेटला कॅमेरा असेल तर रिमोटच बरा, चालत्या गाडीवर फोन हातात घ्यायचाच नाही.

फोटोंवर तारीख भलतीच येते.

बॅटरी बराच काळ बाहेर राहिली की कॅमेऱ्याचं घड्याळ मागे जातं. ॲपला एकदा जोडलं की फोनची तारीख-वेळ तो घेतो. नुसत्या ब्राउझरने जोडलं तर घेत नाही, तेव्हा मेनूतून हाताने लावा.

कॅमेऱ्याच्या वाय-फायवर असताना फोन लागेल का?

साधा कॉल येतो. डेटा बंद असल्याने व्हॉट्सॲप कॉल येणार नाही. काम झाल्यावर डेटा चालू करायला विसरू नका, घरचे काळजी करतात.

जुना कॅमेरा विकत घेतोय. वाय-फायचं काय तपासू?

विकणाऱ्याच्या समोरच स्वतःच्या फोनला जोडून बघा. त्याच्या फोनवर चालून उपयोग नाही, तुमच्या फोनवर चालायला हवा. जोडलेला ठेवून दहा मिनिटं गप्पा मारा आणि बॅटरीची रेघ किती उतरली ते पाहा. बॅटरी काढून टेबलावर आडवी ठेवा. सपाट न बसता गोल फिरत असेल तर ती फुगली आहे. तशी बॅटरी जोर लावून आत ढकलायची नाही, चार्जही करायची नाही. बॅटरीचे पैसे किमतीतून वळते करून घ्या. कार्डाच्या खाचेत नख लावून स्प्रिंग दाबली जाते का बघा, आणि विकणाऱ्याला पासवर्ड विचारा. तो डोकं खाजवायला लागला तर वर फर्मवेअरचं लिहिलंय ते त्यालाच करून द्यायला सांगा, मग पैसे द्या.